तांड्यावर थांबलेला थेंब

बारावीच्या मुलांना मी एकतीस वर्षं तेलाच्या थेंबाचा प्रयोग शिकवला आणि तो स्वतः एकदाही पाहिला नाही. कोल्हापुरातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते उपकरण नव्हतं. फळ्यावर दोन आडव्या रेघा काढायच्या, मधे एक टिंब, टिंबाला एक बाण खाली आणि एक बाण वर. झाला प्रयोग! निवृत्तीनंतर मी बारावीच्या मुलांसाठी एक छोटं मार्गदर्शक लिहिलं, त्यातही हीच आकृती छापली.

ते पुस्तक वाचून गेल्या पावसाळ्यात एक फोन आला.

"मॅडम, मी सुनंदा राठोड. यवतमाळ जिल्ह्यातून बोलते, ढाणकीकडून. शाळेत विज्ञान शिकवते. तुमच्या पुस्तकातला तेलाच्या थेंबाचा प्रयोग तुम्ही केलेला आहे का?"

"नाही."

"पाह्यलेला?"

खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं. "नाही, पाहिलेलाही नाही."

"मंग या नं," ती म्हणाली. "मी बनवून राह्यली."

पुढच्या दोन महिन्यांत फोनवर मला सगळं कळलं. चार वर्षं खपून तिनं घरीच ते यंत्र उभं केलं होतं. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं मुलांसमोर मांडलं तेव्हा काहीच दिसलं नाही. सोबतचे शिक्षक हसले. ते तिला इतकं लागलं नाही, पण दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग इलेक्ट्रॉन आहे हे आपण नुसतं मानाचं काय?" तो प्रश्न मात्र तिला लागला. आता मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की पुन्हा मुलांपुढे मांडायचं असेल तर आधी कुणा जाणत्या माणसानं पाहून तसं लिहून द्यावं. तो जाणता माणूस म्हणजे मी, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाल्यावर आठवड्याभरानं मी निघाले.

नेर

बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून यवतमाळची एसटी धरली. सुनंदानं एकच वस्तू आणायला सांगितली होती: सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बसवायची काचेची चकती, जिच्यावर केसाहून बारीक रेघा कोरलेल्या असतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ती सापडली. रुमालात गुंडाळून, डबीत घालून मी ती बॅगेच्या कप्प्यात ठेवली होती.

नेरच्या स्थानकावर गाडी थांबली. बाहेर रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते आणि उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लोंबत होता. आमच्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागं मुलं धावतात. इथं बाभळीच दर ट्रॅक्टरमधून मूठमूठ काढून घेत होत्या.

भूक लागली होती. टपरीवर आलूबोंडा मागितला. टपरीवाल्यानं बशीत बोंडा कुस्करून त्यावर तर्री ओतली आणि विचारलं, "सांभार टाकू का जी?"

"नको," मी म्हटलं, "रस्सा आहे तेवढा पुरे."

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हातातली कोथिंबीर दाखवली. "सांभार म्हणतो मी, सांभार!"

इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मग मी मागून घेऊन दुप्पट सांभार खाल्ला. तर्रीनं कान गरम झाले. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचा गर्व असतो, तो नेरला उतरवून मी गाडीत चढले.

गाडीत माझ्या बॅगेवर कुणीतरी सरकीच्या ढेपेचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, ठेवला होता. ज्याचा होता त्यानं लगेच उचलला, दोनदा माफीही मागितली. तेव्हा मला काही वाटलं नाही.

यवतमाळ

सुनंदा मला न्यायला यवतमाळपर्यंत आली होती. पस्तिशीच्या आतली, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. वाकून नमस्कार केला आणि सरळ म्हणाली, "मॅडम, आधी लेथवाल्याकडे जाऊ. चकत्या पॉलिश करायले दिल्या आहेत."

एका बोळात लेथवाल्याचं दुकान होतं. त्यानं दोन पितळी चकत्या फडक्यात गुंडाळून काढल्या. हाताच्या तळव्याएवढ्या, आरशासारख्या चकचकीत. एकीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक.

"हे भोक पाडता पाडता चार सुया गेल्या माझ्या," तो म्हणाला. "पण बाईंनं सांगतलं, याच्यातून तेल जाईन अन् वीज मोजू. मले काही समजलं नाही, पण काम मन लावून केलं."

सगळं यंत्र म्हणजे एवढंच. दोन चकत्या एकीवर एक, मधे पाच मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं कडं. वरच्या भोकातून तेलाचा अगदी बारीक थेंब आत येतो. त्याचं वजन त्याला खाली ओढतं. बाटलीच्या तोंडातून फवारताना घासून त्याला थोडी वीज चिकटलेली असते. म्हणून चकत्यांना विजेचा दाब दिला की तो वरही ओढला जातो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की थेंब अधांतरी थांबतो. शंभरएक वर्षांपूर्वी एका अमेरिकन शास्त्रज्ञानं असे थेंब थांबवून दाखवून दिलं की वीज ही पाण्यासारखी हवी तेवढी ओतता येत नाही. ती दाण्यादाण्यांनी येते. एक दाणा, दोन दाणे, तीन; दीड दाणा कधीच नाही.

चहाच्या टेबलावर मी तिला देण्यासाठी डबी उघडली. काचेचे तीन तुकडे झाले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदानं एक तुकडा उजेडात धरून पाहिला, परत डबीत ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "चला मॅडम. गाडी लागली असंन. काहीतरी पाहू."

ढाणकीच्या वाटेवर

आर्णी, महागाव, उमरखेड करत दुपार कलली तेव्हा ढाणकी आलं. बाजारपेठेचं गाव, सोयाबीनची पोती, खतांची दुकानं. तिथून सुनंदाच्या स्कूटीवर तांडा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधल्या ओळींत तूर उंच वाढून पिवळी फुलं आलेली. आमच्या उसाच्या भिंतींत वाढलेल्या डोळ्यांना इतकं मोकळं, पांढरंपिवळं रान पाहून थंडावा मिळाला.

तांडा म्हणजे बंजारा वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत. आता सगळे शेती करतात. घरी बोली गोरमाटी, बाहेर वऱ्हाडी. सुनंदाची आई, जमलीबाई, दारातच उभी होती. सत्तरीची, काटक, हातात शिवणाचं कापड.

"आव, बेस," ती म्हणाली, आणि मला कळलं नसेल म्हणून लगेच, "या, बसा जी."

सुनंदा तिला याडी म्हणत होती. याडी म्हणजे आई. पाच मिनिटांत मीही याडीच म्हणू लागले. वयात आमचं फार अंतर नव्हतं, पण तिनं ते चालवून घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकरी होती, तिला तांड्यावर बाटी म्हणतात, आणि तुरीच्या डाळीची आमटी. मी तिसरी भाकरी नको म्हटलं तर याडीला वाटलं जेवण आवडलं नाही. शेवटी तिसरी खाल्ली.

जेवण चालू असताना शेजारच्या शेताचे मालक वामनराव आले. पन्नाशीचे, धिप्पाड, बोलायला मोकळे. सुनंदाच्या यंत्रात त्यांचाही वाटा होता. शेतात रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत वीज सोडायचं झटका मशीन त्यांनीच तिला पहिल्या वर्षी दिलं होतं.

"मशीन चांगलं होतं जी," ते म्हणाले, "पण ते ठोके मारते. टक... टक... टक. यांच्या थेंबाले पाह्यजे एकसारखी वीज. डुकराले चालते, थेंबाले नाई चालत."

म्हणून सुनंदानं नऊ व्होल्टच्या पन्नास चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडून लाकडी पेटीत बसवल्या होत्या. वर व्होल्ट दाखवणारं मीटर आणि एक बटण. ते फिरवलं की दाब शून्यापासून साडेचारशे व्होल्टपर्यंत कमीजास्त होतो. पेटी पाहून मी खरोखर थक्क झाले. प्रत्येक जोडणीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक.

राहिला प्रश्न माझ्या फुटक्या काचेचा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून पाहताना थेंब थांबला की सरकतोय हे ठरवायला समोर एक स्थिर रेघ लागते. आम्ही माझ्या डोक्याचा केस ताणून बसवला. भिंगातून तो दोरखंडासारखा दिसला. थेंब त्याच्यामागं अख्खा झाकला गेला असता. सुनंदाचा केसही तसाच.

याडी आमचा खटाटोप बघत बसली होती. उठली, अंगणातल्या वेचलेल्या कापसातून एक बोंड आणलं, दोन बोटांनी ओढत ओढत त्यातून एकच तंतू सोडवला आणि हवेत धरला. मला तो दिसलाच नाही. तिच्या चिमटीकडे पाहून तिथं काहीतरी आहे एवढं कळलं.

"हा पाह्य," ती म्हणाली.

बाभळीच्या डिंकानं तिनंच असे दोन तंतू भिंगातल्या कड्यावर आडवे चिकटवले. भिंगाला डोळा लावला तर दोन नाजूक, किंचित पिळदार रेघा स्वच्छ दिसत होत्या. आणलेल्या काचेपेक्षा मला त्याच आवडल्या.

पहिली सकाळ

सकाळी वारा नसतो म्हणून सातलाच बसलो. दार बंद, खिडकीला गोधडी. पंखा तर नाहीच. अत्तराच्या रिकाम्या बाटलीत शिवणयंत्राचं तेल घातलं होतं. सुनंदानं भोकावर धरून एकदाच दाबलं, बाजूनं विजेरीचा झोत सोडला आणि म्हणाली, "पाहा, मॅडम."

मी डोळा लावला.

काळ्याभोर आकाशात शेकडो चांदण्या होत्या आणि त्या सगळ्या हळूहळू वर चालल्या होत्या. भिंगातून सगळं उलटं दिसतं. जे वर जाताना दिसत होतं ते खरं म्हणजे खाली पडत होतं. मला हे पाठ होतं. तरी वर जाणाऱ्या चांदण्या पाहून तोंडातून "अगं बाई!" निघालंच.

वामनरावही आले होते. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि डोळा काढल्यावर त्यांचा आवाज बदलला होता.

"इतके हळू पडते हे?"

"हो. एक मिलिमीटर पडायला वीसेक सेकंद," मी म्हटलं. "जितका बारीक थेंब, तितका जास्त वेळ हवेत राहतो."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "एका साली फवारणी करता करता पडलो होतो मी. दवाखान्यात चार दिवस डोळे उघडले नाई. सारे म्हणत, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारलं असंन. मी म्हणो, वारा नव्हताच. औषध तं खाली पडाले पाह्यजे, मंग माह्या नाकात कसं गेलं? आज दिसलं. ते पडलंच नाई. तरंगून राह्यलं होतं."

आजही तोंडाला फडकं न बांधता फवारणारे गावात किती आहेत, ते त्यांनी नावांनिशी सांगितलं, आणि त्यांना इथं आणून हे दाखवायचं असं सुनंदाला बजावलं.

मग मोजणी. मी भिंगाशी, सुनंदा बटणाशी. तिनं दाब दिला आणि आकाशात गोंधळ उडाला. काही चांदण्या वर, काही खाली पळाल्या. एक संथ ठिपका मी धरला. "वाढव... अजून... थोडा कमी... थांब!" ठिपका कापसाच्या तंतूवर येऊन उभा राहिला. किंचित थरथरत होता, पण जागा सोडत नव्हता.

फळ्यावरचं ते टिंब. एकतीस वर्षांनी मला भेटलं. खाली बाण, वर बाण, आणि मधे ते खरोखरच उभं होतं. माझे डोळे भरून आले, आणि तेच पुढच्या घोटाळ्याचं कारण झालं.

"तीनशे नव्वद," सुनंदानं वाचून नोंदवहीत लिहिलं. आता थेंबावरची वीज बदलायची होती. त्यासाठी तिच्याकडे जुन्या गॅसबत्तीची जाळी होती. लग्नाच्या वरातीत पूर्वी ज्या बत्त्या मिरवत त्यांच्या जाळ्यांत थोरियम हा किरणोत्सारी धातू असे. ढाणकीच्या एका मंडपवाल्याच्या माळ्यावर तिला ती सापडली. बंद डबीत ठेवलेली, हात न लावता तारेनं सरकवायची. ती कड्याजवळ नेली की आतल्या हवेत विजेचे सुटे दाणे तयार होतात आणि एखादा थेंबाला चिकटतो.

जाळी जवळ आली. थोड्या वेळानं थेंब हिसका बसल्यासारखा निघाला. सुनंदानं बटण फिरवून पुन्हा थांबवला. एकशे पंच्याण्णव. बरोबर निम्मा दाब! थेंबावरचे दाणे दुप्पट झाले होते. आम्ही दोघी मोठ्यानं हसलो.

तिसऱ्यांदा तो हलला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी पापणी मिटली, एकदा, घट्ट. उघडली तेव्हा तंतूजवळ एक ठिपका होता. तोच असणार, असं मी धरून चालले. "थांब!"

"दोनशे बेचाळीस," सुनंदा म्हणाली. तिनं आकडा लिहिला आणि तिचा चेहरा उतरला.

दोनशे बेचाळीस कशातच बसत नव्हता. निम्मा नाही, तिसरा हिस्सा नाही. तिनं कागदावर हरतऱ्हेनं मांडून पाहिलं.

मी म्हटलं, "एखादी नोंद चुकते, सुनंदा. सोडून दे ती. पहिल्या दोन उत्तम आहेत."

"कायले सोडू?" ती म्हणाली. "जे आलं ते आलं. काहून आलं ते पाहू."

ती पेटी उघडून बसली. पन्नास बॅटऱ्या, एकेक जोडणी सोडवायची, घासायची, मोजायची, परत लावायची. दुपार झाली. वामनराव शेतात गेले. याडी दोनदा जेवायला बोलावून गेली. मी बाजूला बसून चिठ्ठ्यांचे क्रमांक वाचून दाखवत होते आणि माझ्या मनात पापणी मिटत होती, उघडत होती.

मला माझ्या प्रयोगशाळेतल्या वह्या आठवल्या. आकडे जुळले नाहीत की मीच मुलांना सांगायची, मागच्या वर्षीची वही बघून लिहा, परीक्षक काही विचारणार नाहीत. परीक्षक पुष्कळदा मीच असायची. इथं ही मुलगी एका आकड्यासाठी चार वर्षांचं काम उसवत बसली होती आणि तो आकडा माझ्या मिटलेल्या पापणीनं आला होता आणि मी गप्प होते.

बेचाळिसाव्या जोडणीला मला राहवलं नाही.

"सुनंदा, थांब. पेटीत काही दोष नाही. तिसऱ्या वेळी माझा डोळा मिटला होता. मी धरला तो थेंब बहुतेक दुसराच होता."

तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. "तुमाले तेव्हाच माहीत होतं?"

"शंका होती. बोलले नाही. मोठी बाई म्हणून आले ना, लाज वाटली."

तिनं सुटी बॅटरी परत पेटीत बसवली. मला वाटलं आता रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. "मले वाटलं, माझ्याच जोडणीत खोट आहे," ती हळू म्हणाली. "मागच्या वर्षीसारखी. सकाळपासून तेच डोक्यात होतं, का आपल्याले हे जमतच नाही."

मग तिनं नोंदवही ओढली. दोनशे बेचाळीस हा आकडा खोडला नाही. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: निरीक्षकाचा डोळा मिटला. दुसरा थेंब असण्याची शक्यता. वही माझ्यापुढे केली. मी खाली सही केली. आजवर मी केलेल्या सह्यांत एवढी अवघड सही दुसरी नव्हती.

"आता जेवा," याडी दारातून म्हणाली. "भाकर वाळून गेली."

दुसरी सकाळ

चहा पिताना सुनंदा म्हणाली, "आज याडीले बसवू भिंगाशी."

याडी आरसे लावून कशिदा काढते. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा टाका तिला कंदिलाच्या उजेडात दिसतो असं सुनंदा सांगत होती. मी तिला भिंगापाशी बसवलं, उलटं दिसतं ते समजावलं. तिनं पदर खोचला, पाठ ताठ केली आणि डोळा लावला. दहा मिनिटं ती हलली नाही. मी मुद्दाम पाहिलं. तिची पापणी लवायची, पण इतकी झटकन आणि अलगद की थेंब सुटायला सवडच मिळत नसे.

"कोणता धरू?"

"जो संथ असेल तो," मी म्हटलं.

"धरला."

बटण सुनंदाकडे, नोंदवही माझ्याकडे. याडी हातानंच खुणा करत होती: वाढव, वाढव, पुरे. मग हात थांबला. "उबो छ," ती पुटपुटली. उभा आहे.

"एकशे एकतीस," सुनंदा म्हणाली.

जाळी जवळ सरकली. आम्ही वाट पाहत राहिलो. बाहेर वामनरावांच्या शेतात वेचणीला आलेल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"निंघाला!" याडी म्हणाली. तिचा हात वर झाला आणि सुनंदानं बटण फिरवलं. एकशे पन्नास, सत्तर, नव्वद. "उबो."

"एकशे अठ्ठ्याण्णव."

मी वहीत भराभर भागाकार केला. एकशे एकतीसला तीन दाणे असतील तर दोन दाण्यांना एकशे शहाण्णव यायला हवे. आलेत एकशे अठ्ठ्याण्णव. आणि एकाच दाण्यावर उभा राहायचा असेल तर तीनशे त्र्याण्णवच्या आसपास. मी सुनंदाला आकडा सांगितला नाही. सांगितला असता तर तिचा हात तिकडेच गेला असता.

बरीच मिनिटं थेंब तिथंच होता. याडीच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, थोडा वेळ मी बघते, तर तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"निंघाला, निंघाला! लय जोरात!"

सुनंदा फिरवत गेली. अडीचशे. तीनशे. "अजून," याडी म्हणत होती. "अजून." साडेतीनशे. "हळू... हळू... उबो छ."

सुनंदानं मीटर वाचलं. पुन्हा वाचलं. "तीनशे चौऱ्याण्णव."

मी माझा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं त्यावरचा तीनशे त्र्याण्णव वाचला आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

तीन, दोन, एक. तेलाचा एक थेंब, धुळीच्या कणाहून लहान, आणि त्याला वर धरून ठेवणारी सगळी शक्ती विजेच्या एकाच दाण्याला लागलेली होती. मी बघितलं. सुनंदानं बघितलं. चार वर्षांत स्वतःचा थांबलेला थेंब तिनं मन भरून पाहिला नव्हता. ती नेहमी बटणाशीच असायची. पाहताना तिनं श्वास रोखला होता. वामनराव आले, त्यांनीही पाहिलं. "एकच दाणा?" त्यांनी तीनदा विचारलं. "याच्याहून लहान देताच येत नाई?"

"नाही," सुनंदा म्हणाली, आणि त्या एका शब्दात जो भरवसा होता तो माझ्या एकतीस वर्षांच्या शिकवण्यात कधी नव्हता.

मी मुख्याध्यापकांसाठी पत्र लिहायला बसले. जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं लिहिलं, माझी चूकसुद्धा. याडी पुन्हा भिंगाशी जाऊन बसली होती. जाळी अजून जवळच होती, काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"निंघाला," ती म्हणाली.

सुनंदा धावत बटणाशी गेली. चारशे. चारशे वीस. "थांबत नाई," याडी म्हणाली. सुनंदानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. साडेचारशे. मग पूर्ण उलटं, शून्यावर. मग पुन्हा शेवटपर्यंत.

"काहीच फरक नाई. एका चालीनं चालला."

मला उमगलं. सुनंदाला त्याच क्षणी उमगलं असावं, कारण तिनं बटण सोडून दिलं. थेंबाचा शेवटचा दाणा फिटला होता. आता आम्ही कितीही वीज लावली तरी तिला धरायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

"जाऊ दे त्याले, याडी," ती म्हणाली.

याडी बघत राहिली, अगदी शेवटपर्यंत. "गो," ती म्हणाली. गेला. आणि भिंगापासून मागं सरून तिनं पदरानं डोळे पुसले, घामाचे की कसले कोण जाणे.

सुनंदानं नोंदवही उघडली. तीन, दोन, एक असे दाण्यांचे आकडे एकाखाली एक लिहून झाले होते. त्याखालच्या ओळीत तिनं सावकाश, वळणदार शून्य काढलं.